ढोरांच्या दवाखान्याबाहेरचं मांजर

नागपूरच्या आग्नेयेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कुही हे तालुक्याचं गाव आहे. तालुक्याच्या पूर्वेकडून वैनगंगा वाहते, अंभोऱ्याला तिला कन्हान येऊन मिळते, आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यासाठी या भागातल्या कित्येक गावांना आपली जागा सोडावी लागली आहे. धान, तूर, सोयाबीन, मिरची पिकवणारा हा मुलूख. इथल्या एखाद्या घरच्या बोक्याला उद्या शुगर निघाली, तर त्याला सांभाळायला लागणाऱ्या वस्तू कुठून येतील, हा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो. इन्सुलिनची बाटली मेडिकलमधून येईल. सुई मेडिकलमधून येईल. साखर मोजण्याचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या बहुधा घरातल्या आजोबांच्या असतील, आणि बाटली ठेवायला जो फ्रिज लागेल त्याच्या दारात त्यांची बाटली आधीपासून उभी असेल. ढोरांच्या दवाखान्यातून यातलं जवळजवळ काहीच मिळणार नाही. मांजराचा मधुमेह घरी सांभाळण्याची जी रीत आता आपल्याकडे रुजते आहे, ती पशुवैद्यकाच्या नव्हे तर माणसाच्या वैद्यकाच्या अंगणात वाढली आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि विदर्भात असं पहिल्यांदाच घडतंय असंही नाही.

आधी पशुवैद्यकाकडे पाहू. जुन्या पशुवैद्यकाचा अभिमान सांगताना आपण शालिहोत्र आणि पालकाप्य ही नावं घेतो. शालिहोत्राच्या नावावरचं शास्त्र घोड्यांचं आहे, पालकाप्याच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हत्तींचा. दोन्ही जनावरं राजाच्या सैन्यातली. इंग्रजी अमलात नवं पशुवैद्यक आलं तेही आधी लष्कराच्या घोड्यांसाठी आणि मग शेतीच्या बैलांसाठी. बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे होत, तेव्हा हॅलेन यांच्या कॅटल प्लेग कमिशननं १८७१ मध्ये त्या रोगावर अहवाल दिला. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण बुळकांडीच्या विषाणूवर भर वस्तीत काम करणं धोक्याचं होतं. तिथेच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स यांनी बकऱ्यांच्या शरीरातून काढून काढून सौम्य झालेली लस तयार केली. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये आलं, आणि २००० मध्ये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच झालं. या सगळ्या घडणीचं फळ म्हणजे २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर जगातून समूळ गेलेला हा दुसराच रोग. तालुक्याच्या दवाखान्यातला लसीची पेटी घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरणारा डॉक्टर हा या इतिहासाचा वारस आहे, आणि त्यानं मांजराचा विचार केला नाही याबद्दल त्याला दोष देणं अन्यायाचं ठरेल. धानाच्या बांधीत चिखलणी बैल करत होते. बैल गेला की घर उपाशी राहत होतं.

पण वगळणूक झाली ही गोष्ट खरी, आणि तिचा कागदोपत्री पुरावा आहे. देशातली पशुगणना १९१९ पासून होत आली आहे. तिच्या २०१९ च्या विसाव्या फेरीत गाई, म्हशी, मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट, याक, ससे, हत्ती, कुत्री, कोंबड्या, बदकं हे सगळे मोजले गेले. मांजर नाही. कुही तालुक्यात गाई किती, बकऱ्या किती हे सरकारी आकड्यांत मिळतं. मांजरं किती, हे कुठल्याच तक्त्यात नाही. ज्या प्राण्याची संख्याच नाही, त्याच्या आजारासाठी औषध मागवायचं तर किती मागवायचं, याचा हिशोब कुणी करणार कसा?

विदर्भात मांजरांची मोजणी एकदा झाली होती, आणि ती माणसाच्या डॉक्टरनं केली होती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या दहा वर्षांत तो रेल्वेनं, धान्याच्या पोत्यांबरोबर, मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात शिरला. उंदरावरच्या पिसवा हा रोग माणसात आणतात, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं होतं, तरी ते सर्वमान्य व्हायला मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगाचे १९०५ नंतरचे प्रयोग व्हावे लागले. उंदीर गुन्हेगार ठरल्यावर अमरावतीत काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावांतली मांजरं मोजायला घेतली. ज्या गावांत मांजरं पुष्कळ, तिथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून त्यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजरं पाळण्याचा पुरस्कार केला. आज या निष्कर्षावर शंका घ्यायलाच हवी. मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला झाल्याची उदाहरणंही नोंदलेली आहेत. शिवाय मांजरं जास्त असणारी गावं दुसऱ्याही कारणांनी वाचलेली असू शकतात. पण माझ्या मुद्द्यासाठी निष्कर्षापेक्षा प्रयत्न महत्त्वाचा आहे. इथल्या गावातलं मांजर वैद्यकाच्या नजरेत पहिल्यांदा आलं ते माणसाच्या रोगाच्या वाटेनं, आणि त्याची किंमत ठरली ती त्यानं धरलेल्या उंदरांवरून.

उंदीर धरणं हेच त्याचं काम होतं. कुही तालुक्यात अडम इथे पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची तटबंदीची वस्ती उघडी पडली. म्हणजे शेती करणारी, धान्य साठवणारी वस्ती इथे फार जुनी. धान्याच्या साठ्यामागे उंदीर आणि उंदरामागे मांजर, ही साखळी जगभर आढळते. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या ढोलीत धान भरून ठेवणाऱ्या घरात मांजर आपलं पोट आपणच भरत असे. वर मिळालं तर वाटीभर दूध-भात. उंदराच्या शरीरात प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट जवळपास नाहीच. मांजराचं यकृत याच आहाराला सरावलेलं आहे. एकदम आलेली साखर उचलून साठवणारं जे ग्लुकोकायनेज विकर माणसाच्या आणि कुत्र्याच्या यकृतात असतं, त्याचं काम मांजरात फारच मंद चालतं. ढोली गेली, सिमेंटच्या खोल्या आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या, धान थेट गिरणीत जाऊ लागलं, तसं मांजराचं काम सुटलं आणि वाटीतलं अन्न मुख्य झालं. नसबंदी केलेला, घरातच राहणारा, वजन वाढलेला, वयस्क बोका हा या रोगाचा नेहमीचा रोगी आहे, आणि त्याचा आजार माणसाच्या टाइप २ मधुमेहाशी मिळताजुळता आहे. कोरड्या दाणेदार खाद्यालाच सगळा दोष देणारे पुष्कळ आहेत. पुरावा तितका सरळ नाही, लठ्ठपणा आणि हालचालीचा अभाव यांच्या बाजूनं तो जास्त भक्कम आहे. खाजेसाठी टोचलेल्या लांब पल्ल्याच्या स्टिरॉइडमुळेही मांजराची साखर चढते, आणि हे कारण पहिल्याच भेटीत विचारलं जायला हवं.

आता इन्सुलिन. टोरांटोत १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली गेली. औषधाची ताकद मोजायची कशी, हे ठरलं सशांवर. उपाशी सशाची साखर किती उतरते, यावरून युनिट बांधलं गेलं, आणि आज सिरिंजवर ज्या रेघा आहेत त्यांचं मूळ तिथे आहे. औषध मिळत होतं ते कत्तलखान्यातल्या गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून. भारतात कित्येक दशकं हेच इन्सुलिन चाललं. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली, आणि पुढे इतर प्राण्यांच्या रचना समोर आल्यावर एक गोष्ट दिसली. गाईचं इन्सुलिन मांजराच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लानं वेगळं आहे. डुकराचं तीन ठिकाणी वेगळं, माणसाचं चार. माणसासाठी बनलेलं ते जुनं औषध कुणी न ठरवताच मांजराच्या सगळ्यात जवळचं होतं.

मग माणसाच्या सोयीनं ते बदललं. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला कारखाने असलेल्या वोक्हार्टनं २००३ मध्ये देशी बनावटीचं मानवी इन्सुलिन आणलं. याच कंपनीनं त्याच वर्षी ब्रिटनमधली सीपी फार्मास्युटिकल्स विकत घेतली, आणि तिच्याबरोबर गाई-बैलांच्या इन्सुलिनचा जुना व्यवसायही वोक्हार्टकडे आला. माणसांसाठीचं ते लांब पल्ल्याचं इन्सुलिन तिकडचे पशुवैद्य मांजरांनाही देत. माणसांकडून मागणी ओसरत गेली, तसं हे इन्सुलिन बाजारातून गेलं. मांजराला कुणी विचारलं नाही, विचारण्याची रीतच नव्हती. सुदैवानं रचनेतलं साम्य वाटलं होतं तितकं निर्णायक ठरलं नाही. महत्त्व आहे ते औषध किती तास पुरतं याला. मांजर इन्सुलिन झपाट्यानं संपवतं, म्हणून माणसांना बारा-बारा तास पुरणारं एनपीएच त्याला पुरत नाही. २००० मध्ये आलेलं ग्लार्जिन माणसाला दिवसभर चालतं, मांजराला साधारण बारा तास, आणि म्हणूनच ते दिवसातून दोनदा देऊन मांजराच्या पथ्यावर पडलं. २००९ पासून त्याच्या भारतीय आवृत्त्याही निघाल्या.

घरी सांभाळण्याची रीत कशी उभी राहिली, हे इथे जरा जवळून पाहायला हवं. दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर केवळ भीतीनं चढते. निरोगी मांजरातही ती ३०० च्या वर गेलेली आढळते. कुहीहून नागपूरपर्यंत पिशवीत घातलेल्या मांजराचा टेबलावरचा आकडा त्याच्या नेहमीच्या दिवसाबद्दल फारसं काही सांगत नाही. २००० मध्ये झुरिकच्या वेस आणि रॉइश यांनी मांजराच्या कानाच्या कडेतून थेंबभर रक्त काढून माणसांच्या छोट्या यंत्रावर साखर मोजता येते, हे पडताळून दाखवलं. कान कोमट फडक्यानं शेकायचा, कडेची बारीक शीर फुगली की मागे कापसाचा बोळा धरून टोचायचं, आणि मोहरीएवढा थेंब वर आला की पट्टी त्याला लावायची. माणसांचं यंत्र मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा काहीसा कमी आकडा दाखवतं, कारण लाल पेशी आणि द्रव यांच्यात साखर माणसात आणि मांजरात सारख्या प्रमाणात वाटलेली नसते. हे माहीत असलं की तेच यंत्र पुरतं. २००९ मध्ये रूम्प आणि रँड यांनी जर्मन भाषक मालकांनी घरी ठेवलेल्या ५५ मांजरांच्या नोंदी तपासल्या. ग्लार्जिन आणि दिवसातून अनेकदा मोजणी यांच्या जोरावर त्यातल्या ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन पुढे बंद करता आलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा क्रम सुरू झालेल्या मांजरांत हे प्रमाण ८४ टक्के होतं. हे काम प्रयोगशाळेतलं नव्हतं, स्वयंपाकघरांतल्या वह्यांतलं होतं. म्हणून या रोगात घर ही दवाखान्याची गरिबाघरची बदली आहे असं मी मानत नाही. काही बाबतींत ती जास्त चांगली जागा आहे.

भारतातली एक जुनी सवय इथे उपयोगी पडते आणि घातही करू शकते. पाश्चात्त्य देशांत इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटांचं झालं, आपल्याकडे ४० युनिटांची बाटली अजून सर्रास मिळते, लाल टोपणाच्या सिरिंजसह. मांजराला सुरुवातीला लागतं ते एका वेळी सुमारे एक युनिट. पातळ औषधात ते मोजायला सोपं जातं. पण ग्लार्जिनचं १०० चं औषध कुणी लाल टोपणाच्या सिरिंजनं एका रेघेपर्यंत ओढलं, तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. एवढ्या चुकीनं मांजर लडखडतं, मान टाकतं, त्याला झटके येतात. अशा वेळी हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोज चोळायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. जे मांजर खात नाही त्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय नेहमीचा डोस टोचायचा नाही. बाटली सांभाळण्याचं शहाणपणही माणसांकडूनच आलेलं आहे. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वीज तासन् तास जाते. फ्रिज नसलेल्या घरांत लोक इन्सुलिनची बाटली झाकणाच्या डब्यात घालून ओल्या मातीच्या माठात ठेवत आले आहेत, आणि अभ्यासांनीही हे दाखवलं आहे की त्यानं तापमान बरंच खाली राहतं.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की गावातलं मांजर मधुमेह होण्याइतकं जगतच नाही, त्यामुळे हा सगळा शहरी माणसाचा विषय आहे. रस्ता, कुत्री आणि विषारलेला उंदीर यांनी गावातली मांजरं लवकर जातात हे खरंच आहे. पण हाच युक्तिवाद एके काळी खेड्यातल्या माणसाबद्दल केला जायचा. शुगर हा श्रीमंतांचा रोग, राबणाऱ्याला होत नाही, असं म्हटलं जाई. २०११ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं, आणि ग्रामीण भाग त्यातून सुटलेला नव्हता. २०२३ मध्ये देशाचा आकडा १०.१ कोटींवर गेला. जे घर बदललं, ज्या घरातलं माणूस शेतातून खुर्चीवर आलं, त्याच घरातलं मांजर ढोलीवरून गादीवर आलं आहे. ते कमी सापडतं यात कुणी तपासलं नाही हाही भाग आहे. खूप पाणी पिणं, खूप मुतणं, खाऊनही वाळणं, मागचे पाय टाचांवर टेकवून चालणं ही लक्षणं म्हातारपणाच्या नावावर खपून जातात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. माणसांना पुरेसं इन्सुलिन मिळत नसताना ते मांजराला का द्यायचं? सरकारी दवाखान्यातलं, रोग्यांसाठी आलेलं इन्सुलिन मांजराला देऊ नये, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. मात्र विकत घेतलेल्या ४० च्या दहा मिलिलिटर बाटलीत ४०० युनिट असतात. माणसाला ती काही दिवसांत संपते. मांजर दिवसाला दोन-चार युनिट वापरतं, आणि उघडलेली बाटली चार आठवड्यांनंतर टाकायचीच असते. टंचाई होते ती किमतीमुळे, वाटपामुळे. मांजराच्या वाट्यानं ती होत नाही. शिवाय ज्या औषधासाठी कुत्र्यांनी स्वादुपिंड दिलं, सशांनी युनिट दिलं, गाई-बैलांनी आणि डुकरांनी साठ वर्षं माल पुरवला, ते फक्त माणसाचं आहे असं म्हणताना इतिहासाचं मोठं पान फाडावं लागतं.

तिसरा आक्षेप पशुवैद्यकाच्या बाजूचा आहे, आणि तो मला सर्वांत पटतो. मेडिकलवरून आणलेल्या वस्तूंनी लोक स्वतःच डॉक्टर होतील, ही ती भीती. ती खरी आहे. मेडिकलमध्ये सगळ्यात सहज मिळणारं ३०-७० मिश्रण मांजराला योग्य नाही, त्यानं साखर आधी कोसळते आणि मग उसळते. त्यात आता गोळ्याही आल्या आहेत. बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला अमेरिकेत मांजरांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि माणसांसाठी जानेवारी २०२३ मध्ये. या एका औषधात मांजर माणसाच्या महिनाभर पुढे होतं, आणि माझ्या मांडणीला अपवाद ठरणारी ही गोष्ट मी आनंदानं नोंदवतो. पण त्याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आपल्याकडे स्वस्त झाल्या आहेत, आणि आजोबांच्या पाकिटातली अर्धी गोळी मांजराला देण्याचा मोह अगदी जवळ आहे. ज्या मांजराच्या शरीरात इन्सुलिन उरलंच नाही, त्याला या कुळातल्या औषधानं रक्तात आम्ल साचून मरण येऊ शकतं, आणि तेही साखरेचा आकडा नॉर्मल दिसत असताना. यंत्र तेव्हा धोक्याची खूण देत नाही. निदान, औषधाची निवड आणि पहिला डोस पशुवैद्यानंच ठरवला पाहिजे. नागपूरच्या महाविद्यालयाचा दवाखाना लहान प्राणी तपासतो, आणि तालुक्याला येणारे तरुण पशुवैद्य तिथेच शिकलेले असतात. त्यांच्या हाताला हे ज्ञान आहे. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्यासमोर येणारं काम मात्र अजून लाळ्या-खुरकतीची लस, कृत्रिम रेतन आणि अडलेली गाय हेच आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेच्या प्राण्यांच्या यादीतही मांजर आलेलं नाही.